‘तू कोणाचा?’ असं न विचारणारे ईधी

८ जुलै हा अब्दुल सत्तार ईधी यांचा स्मृतिदिन. २०१६ साली याच तारखेला कराचीत त्यांचं निधन झालं. दरवर्षी या दिवशी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे ठरावीक फोटो फिरतात. पांढरी दाढी, राखाडी सलवार-कमीज, डोक्यावर टोपी, जवळ एखादं अनाथ मूल. खाली मगफिरतची दुआ. कुणी त्यांना फरिश्ता म्हणतं, कुणी पाकिस्तानची मदर तेरेसा. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पुन्हा नेहमीचे मेसेज सुरू होतात.

मला हल्ली या फोटोंची अडचण वाटू लागली आहे. त्यातले आजोबा फार गोड दिसतात. प्रत्यक्षातले ईधी तसे नव्हते. ते तोंडाचे फटकळ होते, हट्टी होते. श्रीमंतांना, पुढाऱ्यांना आणि मौलवींना एकाच दमात सुनवायचे. माणसं शिकली पण अजून माणूस झाली नाहीत, असं ते उघड म्हणत. हयातीत त्यांना काफिर, कम्युनिस्ट, बेदीन अशी विशेषणं चिकटवली गेली. मेल्यावर त्याच समाजानं त्यांना वली करून टाकलं. वली झालेल्या माणसाला हात जोडले की आपलं काम संपतं. पण ईधींचं म्हणणं ऐकायचं ठरवलं, तर ते आपल्याच जमातीच्या दप्तरात येऊन बसतात आणि तिथला रजिस्टर उघडायला सांगतात. म्हणून हा लेख.

बांटवा ते मिठादर

ईधींचा जन्म १९२८चा, काठियावाडातल्या बांटवा या गावचा. हे गाव आज गुजरातच्या जुनागढ जिल्ह्यात आहे. घर मेमन व्यापाऱ्याचं. त्यांच्या आईची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शाळेत जाताना ती मुलाच्या हातावर दोन पैसे ठेवायची. एक त्याच्यासाठी, दुसरा त्याच्याहून गरजू असलेल्या कुणासाठी. दोन्ही पैसे स्वतःवरच खर्च करून आला, तर त्याला बोलणी खावी लागत. पुढे तिला लकवा झाला, मनही थाऱ्यावर राहिलं नाही. किशोरवयाच्या या मुलानं आईला आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे सगळं वर्षानुवर्षं केलं. शिक्षण सुटलं. ईधी नंतर सांगत की आपली शाळा म्हणजे आईची खाट. वेडसर म्हणून रस्त्यावर टाकलेल्या माणसांना त्यांनी पुढे हजारोंनी आसरा दिला, त्याची मुळं इथे आहेत.

१९४७च्या फाळणीत हे कुटुंब कराचीला गेलं. तरुण अब्दुल सत्तारनं फेरीवाल्यासारखं किरकोळ सामान विकलं, मग कापडबाजारात दलाली केली. तिथल्या मिठादर भागात मेमन समाजानं धर्मादाय दवाखाना काढला होता. ईधी तिथे स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. काही दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं की इथे आधी आजार विचारला जात नाही. आधी विचारतात, तू मेमन आहेस का?

फाळणीनंतरचं कराची डोळ्यांसमोर आणा. निर्वासितांनी भरलेलं शहर, झोपड्या, साथीचे रोग. त्यात लंगडत आलेल्या माणसाला बिरादरी विचारायची. ईधी भर बैठकीत उभे राहिले आणि समाजातल्या बुजुर्गांना तोंडावर म्हणाले की याला खैरात म्हणता येणार नाही. वय विशीच्या आसपास. हातात ना पैसा, ना पद. अर्थातच त्यांना बाहेर पडावं लागलं. पण त्यांचं सगळं आयुष्य त्या एका भांडणातून निघालं. ते भांडण परधर्मीयांशी किंवा सरकारशी नव्हतं, स्वतःच्या लोकांशी होतं. असं भांडण सर्वांत महागात पडतं, कारण त्यानंतर लग्नाकार्याला बोलावणंही बंद होतं.

१९५१ साली त्यांनी मिठादरमध्येच जेमतेम आठ फुटांचा गाळा घेतला आणि एका डॉक्टरच्या मदतीनं आपला दवाखाना सुरू केला. कोणीही यावं, कधीही यावं. रात्री-अपरात्री कुणी आलं तर दार उघडं असावं म्हणून ईधी दुकानाबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर झोपत.

एक जुनी गाडी

१९५७ साली कराचीत फ्लूची मोठी साथ आली. ईधींनी तंबू ठोकले, मोफत औषधं वाटली. हे पाहून एका मेमन व्यापाऱ्यानं त्यांना २० हजार रुपये दिले. म्हणजे ज्या बिरादरीशी भांडण झालं, तिच्यातलाच एक जण पुढे आला. आपल्या समाजाला सरसकट दोष देताना हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

त्या पैशातून ईधींनी जुनी हिलमन व्हॅन घेतली आणि तिच्यावर गरिबांची गाडी असं लिहिलं. चालक तेच, हमाल तेच, मय्यत उचलणारे तेच. अपघात झाला, कुठे कुजलेलं प्रेत सापडलं, बाळंतीण अडली की ही गाडी हजर. त्या एका गाडीचा ताफा होत होत पुढे दीड हजारांवर गेला. जगातली सर्वांत मोठी स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स सेवा म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. पाकिस्तानात आजही ११५ हा नंबर फिरवला की ईधींची गाडी येते. कराचीत ऐंशी-नव्वदच्या दशकात टोळ्या एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या, तेव्हा ईधींची गाडी दिसली की दोन्ही बाजूंचा गोळीबार थांबायचा, असं तिथले लोक सांगतात.

याच गाडीवरून त्यांचं सर्वांत गाजलेलं उत्तर आलं. हिंदू आणि ख्रिस्ती लोकांना तुमच्या ॲम्ब्युलन्समध्ये का घेता, असं त्यांना विचारलं गेलं. ईधी म्हणाले, माझी ॲम्ब्युलन्स तुमच्याहून जास्त मुसलमान आहे. हे वाक्य आपण हसून फॉरवर्ड करतो. त्याचा अर्थ मात्र झोंबणारा आहे. ईधी इस्लाम बाजूला ठेवून बोलत नव्हते. उलट ते सांगत होते की मुसलमानपणाची कसोटी हीच आहे, आणि या कसोटीत पत्र्याची गाडी पास झाली, तुम्ही नाही.

झूला

ईधींच्या कामातला सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे झूला. त्यांच्या केंद्रांबाहेर पाळणे ठेवलेले असतात. बाळाला मारू नका, इथे ठेवून जा, असा मजकूर तिथे असतो. कुणी पाहत नाही, कुणी नाव विचारत नाही, पोलिसात वर्दी जात नाही. कराचीच्या उकिरड्यांवर नवजात अर्भकांची प्रेतं सापडत असत, त्यांतली बहुतेक मुलींची. ती उचलून, धुऊन, दफन करून ईधी कंटाळले आणि हा मार्ग निघाला.

मौलवी भडकले. यानं व्यभिचाराला उत्तेजन मिळेल, हरामी औलाद पोसली जाईल, असे आरोप झाले. ईधींचं उत्तर साधं होतं. झाला असेल तर तो एक गुन्हा झाला, आता बाळाला मारून दुसरा करू नका. आणि मुलाचा त्यात कसला गुन्हा? या पाळण्यांमुळे सुमारे २० हजार मुलं वाचली असं संस्था सांगते. कागदोपत्री वडिलांच्या नावाशिवाय मुलाचं काही चालत नाही, म्हणून हजारो मुलांच्या कागदांवर पालक म्हणून ईधींचंच नाव लागलं.

इथे बिल्किस ईधी यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या बायकोला ‘मोलाची साथ’ या दोन शब्दांत संपवतात. बिल्किस यांचा जन्मही बांटव्याचाच, १९४७चा. त्या ईधींच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आल्या आणि साठच्या दशकात दोघांचं लग्न झालं. लग्नाची रात्र डोक्याला मार लागलेल्या एका लहान मुलीला रक्त चढवण्याच्या धावपळीत गेली. पुढे प्रसूतिगृह, अनाथ मुलं, मुलांना चांगली घरं शोधून देणं हा सगळा कारभार बिल्किस यांनी पाहिला. मूल मागायला आलेल्या जोडप्यांची त्या स्वतः कसून चौकशी करत. १९८६चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला तो उगाच नाही. एप्रिल २०२२मध्ये त्याही गेल्या.

लावारिस कोणी नाही

मला सर्वांत अवघड वाटतं ते ईधींचं मय्यतीचं काम. समुद्रात फुगलेली, विहिरीत सडलेली, बॉम्बस्फोटात तुकडे झालेली प्रेतं ते स्वतःच्या हातानं उचलत. नातेवाईक नाकाला रुमाल लावून लांब उभे असत. ईधी गुसल देत, कफन घालत, दफन करत. कराचीत मवाच गोठ इथे त्यांचं कब्रस्तान आहे. तिथल्या हजारो कबरींवर नाव नाही, फक्त नंबर आहे. कुणी कधी शोधत आलंच, तर त्या नंबरवरून माणूस सापडावा.

२०१५च्या जूनमध्ये कराचीत उष्णतेच्या लाटेत हजारावर माणसं मेली. सोहराब गोठमधलं ईधींचं शवागार भरून वाहिलं. दारात रांगा लागल्या. तेव्हा ईधी स्वतः आजारी होते, मूत्रपिंडं निकामी झाली होती, डायलिसिस चालू होतं. पण यंत्रणा उभी होती.

मय्यत हा फर्जे किफाया आहे, हे आपण मदरशात शिकतो. वस्तीतल्या काहींनी केलं तर सगळ्यांची जबाबदारी फिटते, कुणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. अख्ख्या महानगराच्या वतीनं हा फर्ज ईधींनी फेडला. आणि प्रेताच्या अंगावर बिरादरीचा शिक्का नसतो, हे त्यांना रोज दिसत होतं.

पैसा लोकांचा, सरकारचा नाही

ईधींनी सरकारी पैसा घेतला नाही. झिया-उल-हक यांच्या राजवटीनं देऊ केलेली मदत त्यांनी परत केली. सामान्य माणसाकडे मात्र ते झोळी पसरून मागत. रस्त्याच्या कडेला बसत आणि जाणारा-येणारा नोटा टाकून जाई. रिक्षावाल्याची दहाची नोटही तिथे पडे. स्वतः पगार घेत नसत. धंद्याच्या दिवसांत घेतलेल्या रोख्यांच्या तुटपुंज्या उत्पन्नावर घर चाले. राहायला ऑफिसला लागून असलेली खोली, कपड्यांचे दोन जोड.

हा फकिरीचा देखावा नव्हता. त्यामागे हिशेब होता. सरकारचा पैसा आला की सरकारचा फोन येतो. आणि ईधींना मोकळ्या तोंडानं बोलायचं होतं. डिसेंबर १९९४मध्ये ते अचानक लंडनला निघून गेले. बेनझीर भुट्टो यांचं सरकार पाडण्याच्या हालचालींत सामील व्हावं म्हणून आपल्यावर दबाव येतो आहे, जिवाला धोका आहे, असं त्यांनी उघड सांगितलं. नावाजलेल्या माणसाची प्रतिष्ठा उसनी घेणारे सगळीकडे असतात. ईधींनी ती उसनी दिली नाही. काही काळानं ते परत आले आणि कामाला लागले.

ऑक्टोबर २०१४मध्ये मिठादरच्या त्यांच्या ऑफिसवर सशस्त्र दरोडा पडला. आजारी ईधी अंथरुणात होते. लोकांनी अमानत म्हणून ठेवलेलं कित्येक किलो सोनं आणि रोकड लुटली गेली. बँकेवर नाही, पण या म्हाताऱ्यावर लोकांचा इतका विश्वास होता. ज्या शहरात गोळीबार त्यांच्या गाडीसाठी थांबायचा, त्याच शहरात त्यांच्यावर पिस्तूल रोखलं गेलं.

गीता, मराठवाडा आणि पन्नास गाड्या

काही वाचक विचारतील की पाकिस्तानी माणसाचं एवढं कौतुक कशाला? आपण मुसलमान असल्यानं हा प्रश्न आपल्याला जरा जास्तच धारदार आवाजात विचारला जातो. म्हणून अनेक जण हे नाव उघडपणे घ्यायचं टाळतात. मला ही भीती समजते, पण मान्य नाही. ईधी मेले तेव्हा दिल्लीपासून मुंबईपर्यंतच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं. आणि एका मुलीपुरता तरी हा धागा थेट आपल्या मराठवाड्यापर्यंत येतो.

गीता आठवते का? ऐकू-बोलू न शकणारी ही मुलगी लहानपणी समझोता एक्स्प्रेसमधून चुकून लाहोर स्टेशनावर पोचली. ती ईधींच्या संस्थेकडे आली आणि पुढे कराचीत वाढली. आधी तिला मुसलमान नाव दिलं होतं. पण ती हात जोडते, पाया पडते, हे बिल्किस यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिचं नाव गीता ठेवलं आणि तिच्यासाठी केंद्रातच देवांच्या तसबिरी लावून छोटंसं देवघर केलं. ती रोजे धरणाऱ्या घरात हिंदू म्हणूनच मोठी झाली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. पंतप्रधान मोदी यांनी ईधी फाउंडेशनला एक कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ईधींनी आभार मानले आणि मदत नाकारली. स्वतःच्या सरकारचा पैसा न घेणारा माणूस दुसऱ्या सरकारचा कसा घेईल? पुढे २०२१मध्ये गीताची आई मराठवाड्यात सापडल्याची बातमी आली. कराचीत ती पत्रकारांना सांगितली बिल्किस यांनीच, आपल्या मुलीला माहेर सापडल्याच्या आनंदात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे कोरोनाची दुसरी लाट होती. ऑक्सिजन नव्हता, खाटा नव्हत्या, स्मशानात रांगा होत्या. ईधींचे चिरंजीव फैसल यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून ५० ॲम्ब्युलन्स आणि सोबत माणसं पाठवायची तयारी दाखवली. आमच्या लोकांचं खाणंपिणं, डिझेल सगळं आम्हीच बघू, फक्त परवानगी द्या, असं त्यात होतं. गाड्या आल्या नाहीत. दोन देशांमधला प्रकार पाहता येणारही नव्हत्या. पण मदत देताना समोरच्याचा देश विचारायचा नाही, हे बापाचं वळण मुलानं सोडलं नाही.

ईधींच्या मर्यादा

ईधींना वली करायचं नसेल, तर त्यांच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. त्यांच्या ॲम्ब्युलन्स म्हणजे बहुतांशी स्ट्रेचर टाकलेल्या साध्या व्हॅन. त्यात प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचारी नसे. जखमीला लवकर पोचवणं एवढंच काम. संस्थेचा कारभार एका माणसाच्या मुठीत होता, निर्णय त्यांच्या मर्जीनं होत. निराधारांच्या घरांमध्ये गर्दी फार होती. ईधी गेल्यावर देणग्या घटल्याचं फैसल यांनी सांगितलं. व्यक्तीवर उभ्या राहिलेल्या संस्थेचं असंच होतं.

आणखी एक मोठा प्रश्न आहे. रुग्णवाहिका, शवागार, अनाथालय ही कामं सरकारची. ती एका म्हाताऱ्यानं झोळी पसरून करावी, हे राज्याचं अपयश आहे. ईधी स्वतः हे ओरडून सांगत. त्यांच्या अंत्यसंस्काराला मात्र तेच राज्य तोफगाड्यासह हजर झालं. कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये जनाजा झाला. राष्ट्रपती आणि लष्करप्रमुख पुढच्या रांगेत होते. ज्यांच्यासाठी ईधी जगले, ते गाड्यावाले, हमाल, झोपडीवाले बंदोबस्ताच्या पलीकडे मागे उभे होते. अंगावरच्या कपड्यांतच दफन करा, ही त्यांची इच्छा होती. कबर त्यांनी पंचवीस वर्षं आधीच खोदून ठेवली होती. डोळे दोन अंधांना दिले गेले. अवयवदान जायज की नाजायज यावर आपले उलेमा आजही वाद घालतात. ईधींनी आपल्यापुरतं उत्तर देऊन टाकलं.

आपला रजिस्टर

आता आपल्या दप्तरात येऊ.

महाराष्ट्रात क्वचितच एखादं गाव असेल जिथे रमजानमध्ये जकात-फितरा गोळा होत नाही. पैसा कमी नाही. मी ज्या भागात वाढलो तिथे एका कमिटीचा मदतीचा फॉर्म होता. त्यात नाव आणि पत्त्यानंतर तिसरा रकाना बिरादरीचा, चौथा मसलकचा. आजार काय, मुलं किती, कमावतं कोण, हे सगळं खाली. एक विधवा बाई तिसऱ्या रकान्यावरच परत गेली. ती मुसलमान होती, नमाजी होती, फक्त त्या बिरादरीची नव्हती. कुणी वाईट वागलं नाही. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तुमच्या जमातीकडे जा म्हणून सांगितलं. १९५०च्या आधीचा मिठादरचा दवाखाना हाच होता.

इथे काही जण मसला काढतील. फर्ज जकात मुस्लिम गरजूंनाच द्यावी, असं बहुतेक फकीहांचं मत आहे. ठीक आहे, ज्यांना ते मान्य आहे त्यांनी जकातीचा हिशेब वेगळा ठेवावा. पण कुराणात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यात बिरादरी कुठे आहे? मसलक कुठे आहे? आणि नफ्ल सदका, लिल्लाह, रक्तदान, ॲम्ब्युलन्स, कूलर, वाचनालय, शिष्यवृत्ती यांना तर कोणताच फकीह अडवत नाही. तिथे दार बंद करणारे आपणच. मसल्याच्या आडोशाला आपण आपला कोतेपणा लपवतो.

आपली एक तक्रार आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. पुण्या-मुंबईत भाड्याचं घर शोधताना आधी नाव विचारलं जातं. नाव ऐकलं की फ्लॅट ‘कालच गेला’. हे ज्यानं सोसलं आहे, त्याला ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाचा अर्थ कुणी शिकवायला नको. मग तोच प्रश्न आपल्या फॉर्मवर छापताना आपला हात का थरथरत नाही? भेदभाव करणाऱ्यांकडे बोट दाखवायचा अधिकार आपल्याला आहेच, पण आपला तिसरा रकाना तसाच ठेवून ते बोट किती ताठ राहील?

दाखले आपल्याकडेही आहेत. कोरोनाच्या काळात राज्यातल्या अनेक शहरांत मुस्लिम तरुणांनी पीपीई किट चढवून अनोळखी हिंदूंचे अंत्यसंस्कार त्यांच्या रिवाजानुसार केले. घरचे लोक जवळ यायला घाबरत होते, तेव्हा ही पोरं अग्नी देत होती. त्यांनी कुणाला फतवा विचारला नाही. म्हणजे ही वृत्ती आपल्यात नाही असं नाही. ती फक्त साथीच्या, पुराच्या दिवसांत जागी होते आणि पाणी ओसरलं की पुन्हा रजिस्टरमध्ये जाऊन झोपते. ईधींनी ती रोज जागी ठेवली, एवढाच फरक.

आपल्याला दीड हजार गाड्या उभ्या करायच्या नाहीत. एका फॉर्मची गोष्ट आहे. येत्या रमजानच्या आधी आपापल्या मस्जिदीच्या, जमातीच्या, बैतुलमालच्या बैठकीत एक तरी माणूस उभा राहावा आणि तिसरा, चौथा रकाना काढून टाका असं म्हणावं. बुजुर्ग नाराज होतील. ‘कालचं पोर आपल्याला शिकवतं’ असं कुणीतरी म्हणेल. कदाचित पुढच्या बैठकीचं बोलावणं येणार नाही.

मिठादरमध्ये तेच झालं होतं. पण त्यानंतर बाहेर एक गाळा उघडला, आणि त्याच्या दारात कोणाला काही विचारलं गेलं नाही.